तिकिटाचे दोन दात

नर्सिंग शाळेच्या ऑफिसात मावशी बावीस वर्षं शिपाई होती आणि एवढ्या वर्षांत तिला पाच मिनिटं एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. टेबलावर ठेवलेल्या कपातला चहा हिंदकळायचा थांबेपर्यंत ती वरच्या मजल्यावर पोचलेली असे. घरीही तेच. नवरा म्हणायचा, हिला देवाने चाकं दिली, ब्रेक द्यायचा तेवढा विसरला.

शेवटी डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा पाहिला आणि सांगितलं, गोळ्या घ्याच, पण रोज तासभर बसायला शिका. बसून करायचं काय, हे तिने ऑफिससमोर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींना विचारलं. चाळीस वर्षं पोस्टाची तिकिटं जमवणारा माणूस. त्यांना तेवढंच निमित्त हवं होतं. त्यांनी तिला एक कोरी वही आणि जुना चिमटा दिला, आणि धडे सुरू केले. तिकीट पाकिटावरून ओरबाडायचं नाही. भोवती बोटभर कागद ठेवून कापायचं, कोमट पाण्यात सोडायचं आणि ते आपणहून सुटेपर्यंत वाट पाहायची. मग वर्तमानपत्रावर पालथं वाळवायचं. डिंक नको, बोटं नकोत. आणि कडेचा एक जरी दात तुटला असला किंवा तोंडावरच काळाकुट्ट शिक्का बसला असला, तर ते तिकीट सरळ टाकून द्यायचं.

मावशीला सगळं पटलं, वाट पाहायची सोडून. बशीत तिकीट तरंगत असताना ती त्याला दहा वेळा टोचून बघे. कापतानाही तीच घाई. बोटभर कागद राहिला बाजूला, कधीकधी कात्री तिकिटातूनच जाई. अशी अपंग तिकिटं तिच्याने टाकवत नसत. त्यांच्यासाठी तिने वहीचं शेवटचं पान राखून ठेवलं होतं.

तिकिटं कुठून येत, तर ऑफिसातूनच. प्रवेशाचे दिवस होते. आलेला अर्ज वहीत नोंदवायचा आणि त्याचं पाकीट त्याला मागे टाचायचं, हे काम तिचंच. रिकाम्या पाकिटाच्या कोपऱ्याशी कुणाला काय देणंघेणं, असं समजून टाचण्याआधी ती कोपरा कापून घेई. तीन आठवड्यांत सत्तर तिकिटं जमली आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

शुक्रवारी दुपारी एक मुलगी आली. लाँड्रीत कपडे इस्त्री करणारी, मनगटावर भाजल्याचे डाग. मुदत पंधरा तारखेची, हिचा अर्ज पोचला सतराला. पोस्टाचा शिक्का मुदतीतला असेल तर उशिरा आलेला अर्जही धरायचा, असा नियम होता. पण हेडक्लार्कनी तिला पाकीट दाखवलं. त्याला कोपराच नव्हता. मग शिक्का कुठला आणि तारीख कुठली? मुलगी सांगत राहिली की पाकीट तिने स्वतः खिडकीत दिलं होतं, आणि माणसाने शिक्का इतक्या जोरात हाणला की ती दचकली. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. हेडक्लार्क म्हणाले, पुरावा आणा, सोमवारी अकराला यादी लागेल. तिने मावशीकडे पाणी मागितलं, प्यायली आणि पेला विसळून परत दिला. मावशीला त्या विसळलेल्या पेल्याची लाज वाटली.

चोराच्या मनात चांदणं. ते तिकीट तिला लख्ख आठवत होतं. रात्री अंग टेकलं तरी पाय वळवळत राहिले. शनिवारी तिने फडताळ दोनदा पुसलं, धुतलेले डबे पुन्हा धुतले. वही मात्र उघडली नाही. तारीख मुदतीनंतरची निघाली तर सुंठीवाचून खोकला गेला, असं ती मनाशी म्हणे. आणि आपण एका पोरीच्या वाईटाची आशा धरून बसलो आहोत हे ध्यानात आलं की तिला स्वतःचीच शिसारी येई.

संध्याकाळी तिने शेवटचं पान उघडलं. तारीख काळीकुट्ट, ठसठशीत होती. चौदा.

नवरा म्हणाला, पेन्शनला चार वर्षं राहिली आहेत, आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. तू काही मुद्दाम केलं नाहीस.

"मुद्दाम नाही केलं," मावशी म्हणाली. "पण कापलं मीच ना?"

ती तशीच घड्याळजींकडे गेली. त्यांनी डोळ्याला भिंग लावून तिकीट पाहिलं, तारीख बरोबर असल्याचं सांगितलं. पण हे त्याच पाकिटावरचं आहे हे कोण मानेल, असंही विचारलं. भिंगाखालून ते पुटपुटले, याचे तर दोन दातही नाहीत. आणि मावशी उठून उभी राहिली. ते दात कुठे आहेत हे तिला ठाऊक होतं.

सोमवारी दहाला ती प्राचार्यबाईंच्या खोलीत शिरली. बस म्हटलं तरी बसली नाही. सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. बाईंनी पाकीट मागवलं. कापलेल्या कडेला तिकिटाचे दोन दात अजून चिकटलेले होते. मावशीने चिमट्याने तिकीट शेजारी सरकवलं. ते बरोबर जाऊन बसलं.

बाईंनी यादी मागवली आणि तळाशी मुलीचं नाव आपल्या हाताने लिहिलं. हेडक्लार्कनी ते तिकीट पाकिटाला टाचलं, अगदी मधोमध पिन मारून. मावशीने डोळे मिटून घेतले.

टपालाचं काम त्याच दिवशी तिच्याकडून काढून घेतलं गेलं. वर मेमो मिळाला: अर्जाच्या कागदांना हात लावल्याबद्दल लेखी खुलासा मुख्य कार्यालयाला पाठवावा, शुक्रवारपर्यंत पोस्टात पडला पाहिजे, नाहीतर नोकरीवरून काढण्याचा विचार केला जाईल. खुलासा तिने तीन ओळींत लिहिला. कापलं मी. चूक माझी. मुलीची नाही.

बुधवारी ती पोस्टाच्या रांगेत उभी राहिली. पुढे सात माणसं होती, पण ती जागची हलली नाही. आपली पाळी आल्यावर तिने तिकीट सरळ रेषेत चिकटवलं आणि पाकीट खिडकीत सरकवलं.

"शिक्का जरा जोरात मारा," ती म्हणाली. "तिकिटाच्या तोंडावरच मारा. तारीख दिसली पाहिजे."

आतल्या बाईने तिच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. मावशीने काचेला नाक लावून तारीख वाचली आणि मगच ती तिथून निघाली.