मॅगझिनमधले तीन दाणे

सई आणि ओम,

गेल्या रविवारी फोनवर सईने विचारलं, "आजी, क्लबमध्ये नवीन सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आलंय. घ्यावं की नाही, हे कसं ठरवायचं?" आजीला लोक लोणच्याची कृती विचारतात, मला पिस्तुलाची विचारतात. खाकी वर्दीत आयुष्य गेलं, तेव्हा तक्रार नाही. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. शिवाय चांदमारीवरची एक सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही, तीही यात सांगून टाकते. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही.

चांदमारी म्हणजे पोलिसांचं नेमबाजीचं मैदान. आमचं मैदान गोंदियाबाहेर, धानाच्या बांध्यांपलीकडे, म्हणजे भातखाचरांपलीकडे, एका टेकडीच्या पायथ्याशी होतं. मी तेव्हा मुख्यालयात पोलीस निरीक्षक होते. जिल्ह्याच्या नेमबाजी संघासाठी नव्या बनावटीचं एक पिस्तूल चाचणीला आलं होतं. ते ठेवायचं की परत पाठवायचं, याचा अहवाल मला द्यायचा होता.

शस्त्रागार एका जुन्या हवालदाराच्या ताब्यात होतं. आम्ही त्यांना आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची निगा राखणारे, म्हणायचो. तिरोड्याकडचे, शेतकरी घरातले, निवृत्तीला आलेले. रायफलीला तेल देताना ते तिच्याशी बोलायचे. "आज काऊन रुसली माय?" असं बोल्टला विचारताना मी स्वतः ऐकलंय. संघातली सगळ्यात चांगली नेमबाज होती सालेकसा भागातल्या गोंड कुटुंबातली एक कॉन्स्टेबल. लहान चणीची, लहान हातांची, जिभेने तिखट. ती हवालदारांना काका म्हणायची आणि ते तिला पोरी म्हणायचे. दिवसातून एकदा तरी दोघांचं भांडण व्हायचंच.

चाचणी सुरू झाली. आधी मूठ त्या कॉन्स्टेबलच्या हातात बसते का, ते पाहिलं, छान बसली. चाप ओढून पाहिला. मध्ये कुठे न अडकता एकसारखा येत होता. मग पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून पहिलं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, लावलं. दोन गोळ्या लक्ष्यावर जवळजवळ एकाच भोकात गेल्या. तिसरी अडकली. गोळी वाकडी वर आली आणि पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, स्लाइड, अर्ध्यातच थांबली. मोकळं करून पुन्हा भरलं, तर पुन्हा तेच.

पुरवठादाराचा माणूस हजर होता. तो लगेच म्हणाला, "मॅडम, हमारा माल चेक होके आया है. यहाँ किसीने छेड़ा है."

असं बोलणं मी मनावर घेत नाही. प्रत्येक विकणारा हेच म्हणतो. पण चहाच्या सुट्टीत मुख्यालयात परतले, तर माझ्या टेबलावरचा फोन वाजला. नाव न सांगता कुणी तरी म्हणालं, "मैडम, आर्मोरर साहब से पूछो. कल दरवाज़ा लगाके नये पिस्तौल के साथ क्या कर रहे थे?" आणि फोन ठेवला.

चाचणीच्या शस्त्राला चाचणीआधी कुणीही हात लावायचा नाही, असा लेखी आदेश होता. मी वरिष्ठांना कळवलं. ते कडक होते. म्हणाले, "संध्याकाळपर्यंत खुलासा द्या. नाहीतर हवालदार निलंबित आणि विभागीय चौकशी." सरकारी शस्त्रात मुद्दाम बिघाड केला असं ठरलं, तर माणसाची वर्दी जाते. निवृत्तीच्या तोंडावर तो माणूस गुन्हेगार म्हणून घरी गेला असता.

मी हवालदारांना कक्षात बोलावलं आणि बसायला सांगितलं. ते उभेच राहिले.

"काल दार लावून पिस्तुलाला हात लावला होता?"

"लावलो जी."

"कशासाठी?"

"ते नाही सांगू शकत मॅडम. पण बिघडवलो नाही."

"नोकरी जाईल, हवालदार."

"जाऊ द्या जी."

एवढ्यात दार उघडून ती पोरगी आत आली. परवानगी वगैरे काही नाही. "मॅडम, काकाले कायले विचारून राहिल्या? मला विचारा. मीच केली."

"चूप राह्य, पोरी! मॅडम, हिचं काही ऐकू नका. सकाळपासून उपाशी हाये, काहीबी बोलून राहिली."

"उपाशी तुम्ही असाल. मी पोहे खाल्ली."

"मीच केलो जी," ते म्हणाले.

"मी केली!"

मुलांनो, माझ्यासमोर इतके आरोपी बसले, पण जवळजवळ सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असायचं: मी नाही. इथे दोघं 'मीच' म्हणून भांडत होते. बिघाड करणारी माणसं अशी वागत नाहीत. दोघांनी मिळून काही तरी केलं होतं, आणि त्याने काय झालं हे दोघांनाही माहीत नव्हतं, एवढं मला कळलं. माणसं बोलत नव्हती, तेव्हा मी पिस्तुलालाच विचारायचं ठरवलं.

सगळ्यांना घेऊन परत चांदमारीवर गेले. पिस्तुलाबरोबर दोन मॅगझिन आली होती. सकाळपासून आम्ही एकच वापरत होतो. पिस्तूल तेच, गोळ्या त्याच, नेमबाजही तीच ठेवली; फक्त दुसरं मॅगझिन लावायला सांगितलं. ती एकामागून एक गोळ्या मारत गेली आणि मॅगझिन न अडकता रिकामं झालं. पुन्हा पहिलं लावलं. तिसऱ्या गोळीला स्लाइड थांबली.

दोष पिस्तुलात नव्हता, त्या मॅगझिनमध्ये होता. मी टेबलावर पांढरा रुमाल पसरला, मॅगझिन रिकामं केलं, खालची पट्टी सरकवली आणि आतली स्प्रिंग हळूच बाहेर काढली. स्प्रिंगबरोबर रुमालावर तांदळाचे तीन दाणे पडले. कुंकवाने लाल झालेले.

"ये क्या है? चावल?" पुरवठादाराचा माणूस वाकून बघत म्हणाला.

हवालदारांनी टोपी काढली. "नवा तांदूळ हाये जी. हिच्या मायनं पाठवलेला."

मग पोरगी बोलली. नवं धान आलं की तिच्या घरी ते आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवतात, मगच घरात कुणी तोंडात घालतं. नवीन वस्तूचंही तसंच. हे पिस्तूल कोरंच हातात घ्यायचं तिच्या जिवावर आलं. काकांनाही ते पटलं. दसऱ्याला शस्त्रपूजा तेच मांडायचे, आणि हे पिस्तूल दसऱ्यानंतर आलेलं. दोघांनी दार लावून त्याला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. दार लावलं, कारण आदेश मोडत होते आणि लोक हसतील ही भीतीही होती.

"इतकी वर्षं अक्षता वाहून राहिलो मॅडम," हवालदार म्हणाले, "रायफलीले कधी काही झालं नाही."

होणार तरी कसं? रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळीच्या कप्प्यावरचा दांडा, बंद असायचा, रिव्हॉल्व्हरचं चक्र बंद असायचं. दाणे वरून घरंगळून ताटात पडायचे. या पिस्तुलाची दोन्ही मॅगझिन काढून, तोंड वर करून शेजारी ठेवलेली होती. दाणे एकाच्या आत गेले आणि गोळ्या वर ढकलणाऱ्या पट्टीच्या कडेला अडकले. पूजा तीच होती, शस्त्र बदललं होतं.

संध्याकाळी मी वरिष्ठांपुढे खुलासा ठेवला. त्यांनी वाचून चष्मा काढला.

"मॅगझिनमध्ये बाह्य पदार्थ, असं लिहिलंय. कोणता पदार्थ?"

"तांदूळ, सर."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "शिजवलेला की कच्चा?"

"कच्चा, सर. कुंकू लावलेला."

मग ते हसले. तोवर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आदेश मोडल्याबद्दल दोघांना ताकीद मिळाली, निलंबन टळलं. पिस्तूल संघासाठी ठेवून घेतलं. हवालदार वर्दीतच निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी पोरगी रडली आणि वर त्यांनाच म्हणाली, "रडून काऊन राहिले काका, लहान लेकरासारखे?"

फोन करणारा कोण होता, ते मी शोधलं नाही. त्याने जे पाहिलं ते खरं होतं: बंद दार, हवालदार, पिस्तूल. त्याचा अर्थ तेवढा त्याने स्वतःच्या मनाने लावला. साक्षीदाराने काय पाहिलं आणि त्याला काय वाटलं, हे वेगवेगळं विचारायचं, हे मी त्या दिवशी शिकले. तोवर मी दोन्ही एकाच प्रश्नात विचारायचे.

आणि सई, तुझ्या पिस्तुलाचं. मूठ आधी बघ, चाप नंतर, नेम त्याच्यानंतर. अडकलं तर लगेच पिस्तुलाला नावं ठेवू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल: आधी मॅगझिन, मग गोळ्या, मग मारणारा हात. मॅगझिनवर खुणा करून ठेव, म्हणजे कोणतं रुसलंय ते कळेल.

हवालदार आता नाहीत. त्या प्रकरणानंतरच्या दसऱ्याला त्यांनी तेंदूची पानं आणली होती; त्यांच्या घरी बायका विड्या वळायच्या. प्रत्येक मॅगझिनच्या तोंडावर त्यांनी पानाची एक घट्ट टोपी बसवली, आणि मग अक्षता वाहिल्या. आता शस्त्रागार त्या पोरीच्या ताब्यात आहे. दर दसऱ्याला ती पूजा मांडते, आणि मॅगझिनवर तेंदूच्या पानाच्या टोप्या अजून असतात.

तुमची,
आजी