खाऱ्या बाजूचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही. मनात धरून ठेवायचा थकवा आलाय, एवढंच.

मी राधानगरीकडचा. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. केमिकल इंजिनियर झालो आणि जन्मभर एकच काम केलं — पडद्यातून पाणी गाळायचं. पातळ, प्लॅस्टिकसारखा पडदा. खारं पाणी त्यावर जोरानं दाबलं की पलीकडे गोडं पाणी उतरतं. लोक पलीकडचं बघतात. अलीकडे जे उरतं, ते आधीपेक्षा जास्त खारं — ते कुठं जातं, हे कोण विचारतं?

ऐंशीनंतरची गोष्ट. कोल्हापूरच्या पूर्वेला एका गावात आम्ही असं यंत्र बसवलं. उसाला पाणी पाजून पाजून तिथं मीठफुटी झालेली, आडाचं पाणी तोंडात धरवत नव्हतं. उरलेल्या खाऱ्या पाण्यासाठी सिमेंटचा खड्डा करायचा होता. तो झालाच नाही आणि उद्घाटन तोंडावर आलं. ‘सध्या मागच्या ओघळीत सोडा’ — हे मी सांगितलं. साहेबांनी नाही. मी.

त्या ओघळीच्या कडेला अक्काताईंची विहीर होती. पाणी पिण्याजोगं नव्हतं, पण भाजीला चालायचं. नवरा गेल्यावर त्यांचं घर वीस गुंठ्यांतल्या मेथी-वांग्यांवर चाललेलं. गोड्या पाण्याच्या रांगेत त्या पहिल्या असायच्या. “डाळ शिजाय लागली बघा सायब! आता सून काय निमित्त सांगणार?” म्हणून स्वतःच मोठ्यानं हसायच्या.

वर्षभरात मेथी पिवळी पडली. वांग्यांची पानं कडेनं करपली. मी येता-जाता बघत होतो. एकदा गुपचूप त्यांच्या विहिरीचं पाणी आणून मीटरवर तपासलं. जे भय होतं तेच निघालं. आकडे टिपलेला कागद मी फाडला.

पुढच्याच आठवड्यात त्या आल्या. “रागावू नगासा सायब. तुमच्या मशिनीचं पाणी माझ्या हिरीत उतरतंय व्हय?”

खरं सांगितलं असतं तर यंत्र बंद झालं असतं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी म्हणालो, “तसा काही संबंध आढळत नाही. आपल्या जमिनीतच क्षारांचे प्रमाण अधिक आहे.”

घरी मी त्यांच्यासारखंच बोलतो, हो. त्या दिवशी मुद्दाम पुस्तकातलं बोललो — त्यांना पुढं विचारता येऊ नये म्हणून. आणि त्यांनी विचारलंही नाही. “तुमी तपासलंय म्हंजी खरंच की,” म्हणाल्या आणि गेल्या.

अहवालात मी लिहिलं, उरलेल्या पाण्याची व्यवस्था समाधानकारक आहे. मग कायम झालो. बढत्या मिळाल्या. पाणी गाळायच्या या पडद्याविषयी व्याख्यानं दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या अहवालानंतर तीन-चार वर्षांनी त्या गावात पुन्हा जाणं झालं. अक्काताईंनी वाटेतच ओळखलं, चहाला घरी नेलं. रान पांढरं पडलेलं. विहिरीवर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. त्या आता दुसऱ्यांच्या उसात भांगलायला, तण काढायला जात होत्या.

सून चूल फुंकता फुंकता तुटकपणे म्हणाली, “आमची हिर त्या ओघळीनंच नासली. मी तवाच म्हंत हुते.”

“गप गं! लई शानी. आपली हिर मुळातच खारी. सायबांनी सोता तपासलीया. न्हायतर मशिनीला उगंच बोल लागला असता.” अक्काताई माझ्याकडं वळल्या. “व्हय न्हवं सायब?”

सूनही बघत होती.

मी ‘हो’ म्हणालो.

तेव्हा नोकरी कायम होऊन बराच काळ झाला होता. भीती कसलीच नव्हती.