फरशीवाल्याची बोटं

आमचे हे फरशी बसवतात. वीस वर्षं झाली. ह्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नाही, आणि ह्यांना घरात बसवलं तर हे घटकाभर टिकत नाहीत. परदेशातल्या कामासाठी एजंटने परीक्षा घेतली तेव्हा अठ्ठावीस जण होते. तिकडून आलेला साहेब म्हणे ह्यांची फरशी ओणवा होऊन बघत राहिला, सांधे सापडेनात म्हणून. निवड झाली. मागे लागले होते ती मीच. इथे महिन्यातले दहा दिवस काम, बाकी नुसती वाट बघायची, त्यात दोन मुली वाढत्या. "जा एकदाचे," म्हणून मीच भुणभुण लावली होती.

आणि घोडं अडलं कुठे? बोटांवर! व्हिसाच्या कचेरीत काचेवर बोटं ठेवली, तर काही उमटेचना. सिमेंटने घासून घासून पार गुळगुळीत झालेली. खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या बोटांना ठसेच नाहीत. सिमेंटला हात लावू नका, पाण्यात घालू नका, तेल चोळा आणि चाळीस दिवसांनी या. तीच शेवटची तारीख." एजंटने वर ऐकवलं, की तेव्हाही जमलं नाही तर तुमच्या जागी दुसरा जाईल.

मग काय, घरात लाटसाहेब अवतरले! भांडं उचलायचं नाही, कपडा पिळायचा नाही, आंघोळीला दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या. सकाळ-संध्याकाळ मी तेल चोळायची. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांना कधी लावलंस का गं एवढं?" चार दिवस गंमत वाटली. पाचव्या दिवसापासून ह्यांना चैन पडेना. या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या. मधेच खाली बसून बोटाने फरशी वाजवायची, कुठे पोकळ लागतेय बघायला. ओट्याखालची एक फरशी केसभर वर आहे म्हणून मला दोन दिवस ऐकवलं, जशी काही ती मीच बसवली होती. मग धाकटीच्या अभ्यासात नाक खुपसायला लागले. ती शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्ही परदेशी कधी जाणार?" आता ह्यावर हसावं की रडावं?

चौतिसाव्या दिवशी मी बाजारातून आले तर दार सताड उघडं आणि हे गायब. शेजारच्या घरी बाथरूमची फरशी बदलायचं काम चालू होतं. जाऊन बघते तर हे ओणवे, हातात थापी, कोपरापर्यंत सिमेंट! माझं डोकंच फिरलं. तिथल्या मिस्त्रीसमोर, शेजारणीसमोर, तोंडाला येईल ते बोलले. "पोरींच्या तोंडचा घास काढून घ्यायचाय का तुम्हाला?" हे मान खाली घालून म्हणाले, "अगं, उतार उलटा दिला होता ह्याने. पाणी दाराकडे येत होतं. मला बघवेना."

घरी आणून हात धुतले, खिडकीशी नेऊन एकेक बोट बघितलं. काही दिसेना. डोळे भरून आल्यावर दिसणार तरी काय? तेवढ्यात ह्यांचाही आवाज चढला. "तिकडे मी कोणाला ओळखत नाही, भाषा येत नाही. येतं ते एवढं एकच काम. तेही करू नको म्हणतेस. वेड लागेल मला!"

पुढचे सहा दिवस कामं बाजूला टाकून ह्यांच्याजवळ बसले, पत्ते खेळले. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण इतकं सलग आम्ही कधी बोललोच नव्हतो. शेवटच्या दुपारी मनात आलं, नाही उठले ठसे तर नाही उठले. लगेच जीभ चावली.

कचेरीत डावा हात पटकन उमटला. उजवा अंगठा दोनदा नाहीच. तिसऱ्यांदा त्या मुलीने काच पुसली, ह्यांचा अंगठा स्वतः धरून दाबला, आणि हिरवा दिवा लागला. हे हसतच बाहेर आले.

गेले. आठव्या दिवशी फोन, "हाताला फोड आलेत गं!" आवाजात एवढा आनंद, जसं काही बक्षीसच लागलंय. मी झापलं. पण मनात मी वेगळंच धरून होते. करार दोन वर्षांचा. तो वाढवायचा तर पुन्हा ठसे, बोटं तर तोवर झिजलेली, म्हणजे पुन्हा चाळीस दिवस घरी. हे कोणाला सांगितलं नाही. फोनवर नुसतं विचारायची, "बोटं कशी आहेत?" हे म्हणायचे, "काचेसारखी." मला बरं वाटायचं.

काल फोन आला. "अगं, करार वाढला! आणखी दोन वर्षं. मधे यायचीही गरज नाही. आता बोटं लागतच नाहीत, कॅमेऱ्यासमोर उभं राहिलो, चेहरा घेतला, झालं काम. तुझी कटकट मिटली बघ."

"बरं झालं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? जा जा म्हणणारी मीच होते.