मंगलताईंनी काढलेली ओळ

मंगलताई राऊटरला हात लावण्याआधी मशीनांमधून एक चक्कर मारायच्या. ज्या मशीनची सेटिंग बदलायची, त्यापुढे कोण उभं आहे ते बघून यायच्या. चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात. मी प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागाचा सुपरवायझर; त्या कारखान्याचं नेटवर्क सांभाळायच्या. मूळच्या परभणीच्या, इतकी वर्षं इकडे काढूनही बोली तीच.

एकदा मी विचारलं, "ताई, राऊटरमधलं हे नॅट म्हणजे नेमकं काय?"

"आत हरेक मशीनला आपापला पत्ता हाय. बाहेर मात्र सगळ्यांचा मिळून एकच. आतून कुणी बाहेर बोललं, तर राऊटर ध्यानात ठेवतो, उत्तर बरोबर त्यालाच देतो. न बोलावता कुणी आलं, तर आत कुणाकडं जावं तेच त्याला कळत नाही." चहा संपवून म्हणाल्या, "आन् ते कळू द्यायचं का नाही, ते मी ठरवणार."

हेच त्यांना भोवलं.

चार नंबरची प्रेस सारखी अडत होती. ती पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, राऊटरच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाका, म्हणजे मी माझ्या ऑफिसातून थेट प्रेसच्या कंट्रोलरवर येईन. प्लांट मॅनेजरना ते पटलं. ताई म्हणाल्या, "साहेब, तो कवा यायलाय, काय करायलाय, हे प्रेसपुढच्या माणसाला कसं कळावं? त्याला काम असेल तवा मी रस्ता उघडते, काम झालं की बंद. कायमचा उघडा ठेवणार नाही."

दोन दिवसांनी ताई जेवायला गेल्या असताना साहेबांनी दुसऱ्याकडून ती ओळ टाकून घेतली. त्याच दुपारी चार नंबरवरचा कामगार धोंडिराम प्रेसची डाय, म्हणजे साचा, बदलत होता. दोन्ही हात कोपरापर्यंत प्रेसखाली. कुणी बटणाला हात लावला नव्हता, तरी स्क्रीनवर 'मॅन्युअल'चं 'ऑटो' झालं; आता प्रेस आपोआप खाली येणार होती. मी प्रेस थांबवायच्या लाल बटणावर मूठ मारली. धोंडिरामने हात बाहेर काढले.

मी ताईंना जाऊन सांगितलं. त्यांनी राऊटर उघडला आणि ओळ काढून टाकली. साहेब आले.

"कुणाला विचारून काढलीत?"

"धोंडिरामला."

साहेबांनी ताईंना माफी लिहून द्यायला सांगितलं. ताईंनी कागदावर दोन वाक्यं लिहिली: 'ओळ मी काढली. पुन्हा टाकली तर पुन्हा काढीन.' खाली ठसठशीत सही. महिनाअखेरीस त्यांचं कंत्राट संपलं, ते वाढवलं नाही. गेटवर मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाल्या, "रडका चेहरा नका करू, सर. मी चूक केली न्हवती." आणि कंपनीच्या बसऐवजी रिक्षाने गेल्या.

पुढच्या आठवड्यात नवा माणूस ती ओळ पुन्हा टाकायला आला. पहिल्या शिफ्टचे सगळे चार नंबरपासून दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले. धोंडिराम म्हणाला, "टाका. मग प्रेसपण तुम्हीच चालवा."

मी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. ओळ आजतागायत टाकलेली नाही.