ऑडिटची पाहुणी आणि आमचं दार

मे महिन्यात आंब्याच्या रसाच्या कारखान्यात आम्ही बायका कोपरापर्यंत पिवळ्या असतो. गेल्या साली परदेशातल्या गिऱ्हाइकाने कळवलं, नुसता रस गोड असून भागणार नाही. सांडपाणी कुठे सोडता, साली-कोयींचं काय करता, कामगारांना सोयी काय देता, हे आमचं माणूस येऊन तपासेल आणि गुण देईल. कारखान्यालाही परीक्षा! मला भारी मजा वाटली. आशाही वाटली, कारण आम्हा बायकांच्या संडासाला आतून कडीच नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. मेली लाज वाटायची! मालकांना सांगून सांगून जीभ झिजली, तरी त्यांचं आपलं "बघू, सीझन संपू दे." आता गुण कापले गेले की झक मारत कडी लावतील, असं मी धरून चालले होते.

तपासायला पुण्याची एक तरुण बाई आली. टाकी बघितली, सालींचा खड्डा बघितला, मग मालकांना बाहेर पाठवून आम्हाला म्हणाली, "मोकळेपणाने सांगा, काही अडचण?"

झालं! आमच्यातली सगळ्यात थोरली, देवरूखकडची काकी, पदर सावरून म्हणाली, "काय त्रास नाय हो बाय. सगळं बरं हाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाहुणीसमोर रडगाणं गायचं नाही, ही आमची रीत. मी तोंड उघडलं, तर काकीने असा चिमटा काढला की बोलायचीच सोय राहिली नाही. माझं डोकंच फिरलं. पाहुणी कसली, परीक्षक ती!

मग पाहुणचार. आग्रह करकरून तिला कोकम सरबत पाजलं. जरा वेळाने तिने हळूच विचारलं, "बाथरूम कुठे?"

काकी लगबगीने उठली. "चला, मालकांच्या ऑफिसातलं चांगलं हाय."

मी बाईचा हातच धरला. "तिकडे कशाला? आमचं जवळ आहे." काकीने डोळे वटारले. वटारू देत.

दाराशी बाई कडी शोधायला लागली. "नाही ती," म्हटलं, "तुम्ही जा, मी धरते." ती घुटमळली, पण सरबत थांबू देईना. आतून आवाज आला, "आहात ना हो?"

"आहे."

"धरलंय ना नीट?"

"धरलंय हो."

बाहेर आली ती लालबुंद. "तुम्ही सगळ्या रोज अशाच?"

"रोज."

तिने तिथूनच मालकांना हाक मारली. "साहेब, आता तुम्ही जाऊन या. दार मी धरते."

मालक काही गेले नाहीत. कडी मात्र संध्याकाळच्या आत लागली. सगळ्यांच्या आधी काकी आत घुसली, कडी लावली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही.