रिकाम्या गोलाची दोन मिनिटं

आमच्या साताऱ्याकडच्या फुटबॉल क्लबाचा दरवर्षी एक सामना तालुक्यातल्या शहीद जवानांच्या नावानं होतो. टेबलावर मांडलेल्या फोटोंना हार, उभं राहून मौन, वीरमातांना शाल-नारळ आणि मग खेळ. गेल्या वर्षी त्या टेबलावर आमच्याच गोलकीपरचा फोटो आला. भरती होईपर्यंत आठ वर्षं तो गोलात आणि मी त्याच्या पुढं बॅकला. सुट्टीवर आला की तो आधी मैदानावर यायचा, मग घरी.

त्याच्या आईनं सामन्याला यायला साफ नकार दिला. "शाली लय झाल्या रं. ट्रंकंत जागा न्हाई आता."

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. "आवं मावशी, शाल न्हाईच. पहिली दोन मिनिटं गोल त्याचा. दुसरा कीपर उभा करणार न्हाई. नुसते त्याचे हातमोजे खांबाला बांधू. तेवढ्यात बॉल आत जाणार न्हाई, ही माजी जबाबदारी."

तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, "आन् गेला तर?"

"तर तुमाला परत तोंड दाखवणार न्हाई."

बोलून तर बसलो. क्लबातल्या जुन्या मंडळींनी मला फाडून खाल्लं. त्यांना हे नाटक वाटत होतं. मी हट्टाला पेटलो. समोरची टीम सांगलीची होती. त्यांच्या कॅप्टनकडून फोनवर कबूल करून घेतलं की दोन मिनिटं कुणी गोलावर मारायचं नाही. तरी त्यांचा तरणाबांड फॉरवर्ड बघितला आणि माझा भरवसा उडाला. तो शिट्टीआधीच जागच्या जागी उड्या मारत होता.

मावशी आली. मांडवात बसली नाही. पोरगा खेळायचा तेव्हा बसायची तशी गोलाच्या जाळीमागं खुर्ची टाकून बसली.

शिट्टी झाली. हलगी बंद, फटाके बंद, एवढ्या गर्दीत कुणी खोकतही नव्हतं. आम्ही चेंडू इकडून तिकडं देत राहिलो. माझी नजर त्या फॉरवर्डवरून हलत नव्हती. एक मिनिट गेलं. दीड झालं असेल. चेंडू माझ्याकडं आला आणि तो गडी सवयीनं माझ्या अंगावर धावला. शूट करायचं नाही एवढंच ठरलं होतं, धावायचं नाही असं कुठं ठरलं होतं?

मग आठ वर्षं जे करत आलो तेच मी केलं. मागं न बघता चेंडू पायाच्या आतल्या बाजूनं गोलाकडं सरकवला आणि गोलातून "आला!" अशी त्याची हाक यायची वाट बघितली.

हाक आली नाही. तेव्हा कळलं मी काय केलं ते.

वळून जीव तोडून पळालो. चेंडू काही जोरात नव्हता, खडबडीत मैदानावर उड्या घेत निवांत चालला होता, पण माझ्या पुढंच राहत होता. तो सांगलीचा फॉरवर्डही माझ्या बरोबरीनं पळत होता, चेंडू अडवायला. दोघांनी एकदमच अंग टाकलं. चेंडू हातमोज्यांच्या खालून आत गेला आणि जाळीला टेकून थांबला.

मी तोंड मातीत खुपसून पडून राहिलो. मागं गर्दीतून कुणीतरी मला शिवी हासडली. ती मला कमीच वाटली. दिलेला शब्द मी स्वतःच्या पायानं मोडला होता.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. जाळीपलीकडं मावशी खाली बसली होती. तिनं जाळीतून बोटं घालून चेंडूला हात लावला.

"त्यो मागं हाय आसं वाटलं तुला?"

मी मान डोलावली.

"तोंड वर कर," ती म्हणाली. "वरीसभर समदी त्येच्या फोटूला हार घालत्यात. तू त्येला बॉल दिलास."