अण्णांच्या टेपवरचा टीव्ही

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जपून ठेवत नाही. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाचण्या, सुतळीचे तुकडे आणि शाई वाळलेली पेनं साठतात ना, तसे ते आपोआप साठतात. टाकून द्यायला म्हणून बाहेर काढावेत तर एकेक हातात घेऊन बसायला होतं आणि कामं तशीच राहतात. आमच्या मिलच्या टाइम ऑफिसातले माझ्याकडे बरेच आहेत. त्यातले निम्मे हिरेमठअण्णांच्या टीव्हीचे.

आता अण्णांकडे टीव्ही नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. सत्तर सालानंतरचा तो काळ. पुण्यापर्यंत टीव्ही आला होता, सोलापुरात मात्र तो दिसतच नव्हता. अण्णांकडे होता तो टीव्हीचा आवाज.

अण्णा आमचे हेड टाइमकीपर, मिलची सगळी हजेरी त्यांच्याकडे. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे घरात कानडी, ऑफिसात मराठी आणि राग आला की दोन्ही. त्यांचे मेहुणे बसवराज पुण्याला. त्यांनी टीव्ही घेतला आणि अण्णांचं पुण्याला जाणं वाढलं. जाताना अण्णा आपला स्पूलचा जड टेपरेकॉर्डर बरोबर न्यायचे. तिथं टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर माइक, आणि घरातल्या सगळ्यांना तासभर बोलायची बंदी. नाटकं, गप्पांचे कार्यक्रम, मुलाखती असं करत दहा स्पूल भरले. स्पूल मेहुण्यांचे, भरलेला माल अण्णांचा. भवानी पेठेतल्या अण्णांच्या खोलीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तो सगळा टीव्ही असायचा. दर रविवारी दुपारी चार वाजता आम्ही तो ऐकायला जात असू.

आम्ही म्हणजे अण्णा, त्यांच्या बायको गंगावहिनी, ऑफिसातली टायपिस्ट मंगल, खाली दोन माग असलेला नरसय्या आणि मी.

*

टाइमकीपर माणूस घरी गेला तरी टाइमकीपरच राहतो. अण्णांनी रविवारचंही मस्टर ठेवलं होतं. चारला पाच मिनिटं कमी असताना ते उघडायचे, चार वाजून पाच मिनिटांनी लाल शाईचं पेन काढायचे. तीन लेट मार्क झाले की एक रविवार कापला. मिलचा नियम तोच होता, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

सगळ्यात जास्त लेट मार्क नरसय्याचे. खालच्या मजल्यावरून वर यायला सोळा पायऱ्या, तरी माणूस लेट. आम्हाला ऐकू यावं म्हणून तो चारला माग बंद करायचा आणि मग हात धुऊन वर यायचा. तोवर चार वाजून सात मिनिटं झालेली असायची.

एकदा तो वैतागला. "अण्णा, तुमच्यासाठीच बंद करतो की माग. तेच्यातच उशीर होतो."

अण्णांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. "मग अर्ज दे."

नरसय्यानं खरंच अर्ज दिला. मंगलनं तो टाइप करून दिला, तीन प्रतींत. अण्णांनी पंधरा दिवस विचार करून नामंजूर केला.

*

टीव्ही नुसता ऐकायचा म्हणजे मोठी अडचण असायची ती शांततेची. रेडिओच्या नाटकात कुणी ना कुणी बोलत असतं. टीव्हीतली माणसं मधेच गप्प व्हायची आणि टेप आपली नुसतीच फिरत राहायची. आम्ही मान खाली घालून बसून राहायचो.

"आता काय चाललंय, अण्णा?" मंगल विचारायची.

"बघती."

"कोण?"

"ती. तेच्याकडं बघती."

बराच वेळ टेप फिरायची. मग नरसय्या हळूच विचारायचा, "आन त्यो?"

"त्योबी बघतो की."

एवढं कळलं की आम्हाला बरं वाटायचं आणि पुन्हा सगळे गप्प. एकदा ही बघाबघी फारच लांबली. शेवटी गंगावहिनी पदर खोचून उठल्या, "चा ठेवते. बघून झालं की हाक मारा."

*

एका नाटकात बाप मुलाला घराबाहेर काढतो. बाप गरजतो, "चालता हो", आणि लगेच लांबलचक शिट्टी वाजते. मग मुलाची आई रडते आणि पुन्हा शिट्टी. आमचं सगळ्यांचं एकमत होतं, की घर स्टेशनजवळ आहे आणि मुलगा गाडी पकडून निघून गेला. त्या शिट्टीला मंगलच्या डोळ्यांत हमखास पाणी यायचं. मलाही भरून यायचं, खोटं कशाला सांगू.

पुढं कधीतरी बसवराजांच्या बायकोचं गंगावहिनींना पत्र आलं. त्यात ताजा कलम होता, त्या नाटकाच्या वेळी कुकर उतरवायचा राहून गेला, दाजींना सांगा रागावू नका.

अण्णांनी पत्र वाचून दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मंगल म्हणाली, "असू दे. गेला तो गाडीनंच."

*

एका स्पूलवर नाटकाच्या आधी जनावरांच्या डॉक्टरची मुलाखत भरली गेली होती. अण्णांनी बटण लवकर दाबलं होतं, एवढंच. गाईच्या कासेला सूज आली तर काय करावं यावर वीस मिनिटं. तेवढी पुसून तिथं एखादं गाणं घ्यावं असं आमचं ठरलं होतं, पण नरसय्या आडवा आला.

नरसय्याच्या सात पिढ्या मागावर गेलेल्या. शेत नाही, गाय नाही. सोलापुरी चादर सोडली तर त्याचा दुसऱ्या कशाशी संबंध नव्हता. मी म्हटलं, "अरे, तुला काय करायचीय ती गाय?"

"गाय न्हाय ओ, माने. डाक्टर किती मायेनं बोलतो बघा की. आमच्या घरात आजारी पडलं तर आसं कोण बोलतंय?"

पुसायचं तर राहिलंच, वर दर दोन महिन्यांनी कासेची सूज लावावी लागायची. मला आजही ते औषध पाठ आहे.

*

आमच्या सगळ्यांचं आवडतं नाटक सून आणि सासऱ्याचं. मुलगा घर सोडून गेलेला, परत येत नाही. सासरा शाळामास्तर, स्वभावानं कडक. तो सुनेला म्हणतो, तुझं आयुष्य इथं वाया घालवू नकोस, माहेरी जा, नवा संसार कर. सून ट्रंक भरते. दाराशी येते. "येते मी," म्हणते. आणि तिथं टेप संपते. नाटक लांब, स्पूल आखूड.

पुढचं अण्णा तोंडानं सांगायचे. प्रत्येक वेळी त्याच शब्दांत. सून कडी काढते. थांबते. ट्रंक खाली ठेवते, आत जाते आणि दोघांचा भात टाकते. सासरा तिच्याकडं पाठ करून बसलेला असतो. मग म्हणतो, "मीठ बेतानं घाल."

हे सांगताना अण्णांचा आवाज उतरायचा. मंगलनं एकदा विचारलं होतं, की सुनेनं साडी कुठली नेसली होती. अण्णा म्हणाले, जांभळी, काठ हिरवे.

त्यानंतर मंगलला बघायला पुण्याचं एक स्थळ आलं. मुलाच्या घरी टीव्ही. मुलानं विचारलं, तुम्हाला कशाची आवड? मंगल म्हणाली, टीव्हीची. तिच्या आईनं कपाळाला हात लावला. मुलगा मात्र खूश झाला. मंगलनं त्याला हे नाटक सांगितलं, त्या जांभळ्या साडीपर्यंत. तो हसायला लागला. म्हणाला, "अहो, टीव्हीत रंग नसतो. सगळं काळं-पांढरं दिसतं."

सोमवारी मंगल ऑफिसात आली ती थेट अण्णांच्या टेबलापाशी. सगळा प्रकार सांगितला. अण्णांनी हातातलं पेन खाली ठेवलं नाही की मान वर केली नाही.

"तेला दिसत नसंल," अण्णा म्हणाले.

मंगलनं त्या स्थळाला नकार कळवला.

*

हा पुढचा किस्सा मी बरीच वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

एका कामगाराच्या हजेरीची तक्रार होती म्हणून मी जुनी मस्टरं काढली होती. चाळता चाळता एका तारखेवर बोट अडकलं. ही तारीख आपण कुठंतरी वाचलीय, असं वाटत राहिलं. मग आठवलं. सून-सासऱ्याच्या स्पूलवर बसवराजांच्या अक्षरात चिठ्ठी होती, त्यावर हीच तारीख. शनिवार, संध्याकाळ.

त्या शनिवारी अण्णा सेकंड शिफ्टला हजर होते. सही त्यांचीच. आणि सहीवर विश्वास बसला नसता तरी खाली माझ्या नावापुढं त्यांनी स्वतःच्या हातानं लाल शाईचा लेट मार्क मारलेला. ज्या संध्याकाळी पुण्यात ते नाटक लागलं, त्या संध्याकाळी अण्णा सोलापुरात माझ्यावर डाफरत होते. म्हणजे तो स्पूल बसवराजांनी शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर आणून भरून पाठवला असणार. अण्णांनी ते नाटक बघितलंच नव्हतं. कडी, ट्रंक, दोघांचा भात, सगळं त्यांच्या मनातलं.

मला पहिल्यांदा राग आला. एवढी वर्षं माझ्या एकेका मिनिटाचा हिशेब धरणारा हा माणूस! मग रविवार आला, नाटक लागलं, अण्णा "मीठ बेतानं घाल" म्हणाले आणि मी नेहमीसारखाच मान खाली घालून ऐकत राहिलो. सोमवारी मी ते मस्टर ऑफिसच्या कपाटात सगळ्यात खाली ठेवून दिलं.

*

पुढच्या वर्षी बसवराजांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांचं पत्र आलं, की सनईपासून पाठवणीपर्यंत सगळं टेप करायचंय, सगळे स्पूल लागतील, मी स्वतः पत्रिका घेऊन येतो तेव्हा नेईन. म्हणजे आमचे दहाच्या दहा कार्यक्रम पुसले जाणार होते.

मी बाजारात सगळीकडं फिरून आलो. तसले स्पूल सोलापुरात मिळेनात. मंगल म्हणाली, "अण्णा, त्या नाटकाचा एक तरी मागून घ्या की."

"तेचे हायत, तेनं मागितले. पोरीचं लगीन हाय. टेपासाठी अडवायचं व्हय?"

विषय तिथंच संपला. पण त्या आठवड्यात अण्णांनी कुणालाच लेट मार्क दिला नाही. मला काळजी वाटली ती त्याची.

बसवराज आले ते नेमके रविवारी. उंच, अबोल माणूस. पत्रिका दिली, जेवण झालं. चार वाजता खालचे माग थांबले आणि नरसय्या वर आला. मंगल म्हणाली, "जायच्या आधी एकदा सून-सासऱ्याचं लावू या."

"नको," अण्णा पटकन म्हणाले. "पावणे दमलेत."

"लावा की, दाजी," बसवराज म्हणाले. "आम्ही घरातल्या सगळ्यांनी बसून बघितलं होतं ते. मला चांगलं आठवतंय."

अण्णांनी स्पूल चढवला. टेप दोनदा निसटली. गंगावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या तिथंच राहिल्या. सगळं नाटक संपेपर्यंत मी अण्णांकडं बघू शकलो नाही. शेवटी सून "येते मी" म्हणाली आणि टेपचं टोक सुटून फटफट वाजायला लागलं.

अण्णांनी बटण बंद केलं आणि स्पूल काढायला लागले.

"आन शेवट?" नरसय्या म्हणाला. "सांगा की. आता परत कुटं ऐकायचंय."

अण्णांनी बसवराजांकडं बघितलं. बसवराज सतरंजीकडं बघत होते. मंगल अण्णांकडं तोंड करून नीट मांडी घालून बसली. सुटका नव्हती.

अण्णांनी सांगितलं. कडी काढली, थांबली, ट्रंक खाली ठेवली. आवाज इतका लहान की आम्ही सगळे पुढं सरकलो. आत गेली, दोघांचा भात टाकला. तिथं अण्णा थांबले. 

बसवराजांनी मान वर केली.

"मग सासरा काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"मीठ बेतानं घाल म्हनला."

बसवराज बराच वेळ मान हलवत राहिले. मग उठले. डब्यातले स्पूल एकेक करून त्यांनी आपल्या पिशवीत भरले. टेपरेकॉर्डरवरचा शेवटचा काढला, त्यावरची आपल्याच अक्षरातली चिठ्ठी वाचली, आणि तो रिकाम्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

दारात ते चपला घालत होते तेव्हा मंगल डबा घेऊन मागं धावली. "मामा, यात एक राहिला."

"राहू दे," बसवराज म्हणाले. "याचा शेवट आमच्याकडे नव्हता."